ट्रॉलीच्या हौद्याचा तळ कसा जपावा

पावसाळ्यापूर्वी कोकणात जुनी घरे पाडणे, गडगे (दगडी कुंपणे) उकलणे आणि डबर वाहणे जोरात चालते, आणि त्या धांदलीत टिपिंग ट्रॉलीच्या हौद्याला सर्वाधिक मार बसतो तो जेसीबीच्या बकेटमधून उंचावरून सोडलेल्या पहिल्या दगडांचा. जांभ्याचा चिरा त्या मानाने सौम्य असतो. काळ्या दगडाचा घनमीटरभर अखंड तुकडा मात्र पावणेतीन-तीन टनांच्या घरात जातो आणि त्याचे टोकच पत्र्यावर आदळते. म्हणून आधी माती किंवा बारीक राडारोड्याचा चार-पाच इंचांचा थर पसरावा, बकेट त्याच्या अगदी जवळ आणून रिती करावी आणि मोठे दगड त्यानंतरच घ्यावेत.

नेहमीच दगड वाहायचा असेल, तर क्रशरवरचा जुना कन्व्हेअर पट्टा तळाशी अंथरणे मला जाड पत्रा चढवण्यापेक्षा बरे वाटते, कारण 5 मिलिमीटरचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला सुमारे 39 किलो भरतो आणि तेवढा माल कमी भरावा लागतो. पट्टा पुढच्या कडेलाच बोल्टने आवळावा, म्हणजे मागून उचलून खालची ओल काढता येते. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत ही ओल दगडापेक्षा लवकर पत्रा खाते. प्लायवूड टाकूच नये. ते पाणी धरून ठेवते. खरवडलेली जागा गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून लगेच प्रायमर लावावा.

मोठा दगड रिता करताना फाळका, म्हणजे हौद्याचे मागचे दार, आधी पूर्ण उघडावा, नाहीतर बिजागऱ्याच वाकतात.