मीटरची केबल जोडण्याआधी

घरी बांधलेल्या गाडीत वेग दाखवणाऱ्या मीटरचं, म्हणजे स्पीडोमीटरचं काम बहुतेक जण शेवटाला ठेवतात. बॉडी बसते, रंग होतो, आणि मग गिअरबॉक्सपर्यंत हातच पोचत नाही. चासी उघडी आहे तोवरच ही तयारी उरकून घ्या, आणि कुठलाही भाग विकत घेण्याआधी दोन आकडे वहीत लिहा.

पहिला आकडा मीटरचा. पुष्कळदा तो डायलच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला असतो. जुन्या इंग्रजी मीटरवर १००० दिसलं तर केबलचे मैलाला हजार फेरे, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१. जपानी पद्धतीच्या मीटरला किलोमीटरला ६३७ लागतात. आकडा पुसला असेल तर चौकोनी सळीचा तुकडा ड्रिलमशीनला लावून मीटर फिरवून बघा. ड्रिलचे फेरे टॅकोमीटरने मोजा. ६३७ आरपीएमला (मिनिटाला फेरे) काटा ६० वर आला तर मीटर जपानी पद्धतीचं. काटा शून्याकडेच दाबून राहिला तर ड्रिल उलटी फिरतेय. गाडीतली केबल कुठल्या बाजूला फिरते तेही आत्ताच बघून ठेवा.

दुसरा आकडा गाडीचा, आणि सगळं काम याच्यावर उभं आहे. शेवटी वापरणार तेच टायर घाला, हवा नेहमीएवढी भरा, एकाला सीटवर बसवा. सपाट सिमेंटवर टेप लावून २० मीटरवर चुन्याच्या दोन रेघा ओढा. केबलची फक्त आतली तार गिअरबॉक्सच्या पिनियनमध्ये, म्हणजे केबल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकात खोचा, बाहेरच्या टोकाला चिकटपट्टीचा झेंडा लावा, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत झेंड्याचे फेरे मोजा. आले तेवढे गुणिले ५०, हे तुमचे किलोमीटरचे फेरे. एक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवायचा मोह होतो, पण डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरजोडणी) फेरे निम्मेच भरतात आणि पुढचा सगळा हिशोब बुडतो.

समजा मारुती ८०० चा गिअरबॉक्स घेतला, पण १४५/७० आर १२ च्या जागी १६५/७० आर १३ टायर घातले. वीस मीटरला फेरे भरले साडेअकरा, म्हणजे किलोमीटरला ५७५. मीटरला हवेत ६३७. पिनियनचे दात कमी केले की केबलचे फेरे वाढतात. पिनियनला १७ दात असतील तर १६ दातांची घालून मीटर ४ टक्के कमी दाखवेल, १५ दातांची घालून सव्वादोन टक्के जास्त. १५ चीच घ्या. मीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये.

पिनियन बनवून घ्यायची तर बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत जाताना नुसते दात सांगून भागत नाही. जुनी पिनियन, तिचं हाउसिंग, ऑइल सील आणि ओ-रिंग एका डब्यात घालून न्या. दातांचा तिरकेपणा नमुन्यावरूनच मिळतो. खंडेनवमीच्या तोंडावर मात्र जाऊ नका. मशिनं पुसून पूजेला लागलेली असतात.

केबलची लांबी अंदाजानं घेऊ नका. मी घेतली होती. दुकानदार म्हणाला, चालून जाईल की. ती वीतभर कमी पडली, म्हणून स्टेअरिंगच्या दांड्याजवळून करकचून वळवली. चाळीसच्या वेगाला काटा तीस ते पन्नास नाचायचा, आणि पंधरा दिवसांत आतली तार तुटली. आता मी आधी बागेच्या पाइपाचा तुकडा त्या वाटेनं घालून बघतो आणि मगच माप घेतो. जेवणाच्या ताटाच्या गोलाईपेक्षा लहान वळण नको, दोन्ही टोकांची पाच सेंटीमीटर तर सरळच हवीत. सायलेन्सरपासून लांब, आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं.

तार घालण्याआधी काचेवर ठेवून तळहातानं लोळवा. कुठे उडी मारली तर ती वाकलेली आहे, परत करा. ग्रीस पातळ थराचं, पण मीटरकडची वीस सेंटीमीटर कोरडी ठेवा. फिरत्या तारेबरोबर ग्रीस वर चढतं. मीटरच्या आत लोहचुंबक फिरतो आणि त्याला न टेकता ॲल्युमिनियमची वाटी स्प्रिंगविरुद्ध ओढली जाते. तिथे ग्रीस पोचलं की काटा खरं सांगत नाही. तार आवरणाबाहेर साधारण एक सेंटीमीटर यावी.

खानापूरकडच्या तांबड्या मातीत आणि पावसात फिरणार असाल तर गिअरबॉक्सकडच्या टोकावर रबरी टोपी हवीच.

इंजिन मागे असेल आणि केबल तीन मीटरवर जात असेल तर मी केबलच्या नादी लागणार नाही. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टच्या फ्लँजवर (टोकाची चकती) चार चुंबक, समोर हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळून गेला की विजेचा ठोका (पल्स) देणारा भाग, आणि इलेक्ट्रॉनिक मीटर घ्या. वीस मीटरची मोजणी तिथेही करायचीच, फक्त फेऱ्यांऐवजी पल्स मोजायचे.

चाचणीला शेतातला स्वतःचा सरळ रस्ता, टेप आणि स्टॉपवॉच. काटा ३६ वर स्थिर धरला तर १०० मीटर बरोबर १० सेकंदांत जायला हवेत. मीटर थोडं जास्त दाखवत असेल तर सेकंद किंचित वाढतील. दोन्ही दिशांनी करा. सार्वजनिक रस्त्याचा विचार मात्र आरटीओची मंजुरी आणि नोंदणी हातात आल्यावरच.

परत आल्यावर गाडी गरम असतानाच पिनियनच्या हाउसिंगखाली बोट फिरवा, सायलेन्सर सांभाळून. बोटाला तेल लागलं तर सील बदला, आणि टायरच्या मापाशेजारी फेऱ्यांचा आकडा वहीत लिहून ठेवा.