दातवण वापरताय? मग या चुका टाळा

गावाहून येताना कडुनिंबाच्या दहा-बारा काड्या पिशवीत टाकून आणायच्या, चार दिवस उत्साहाने चावायच्या आणि पाचव्या दिवशी हिरडी सुजली की पुन्हा ब्रश हातात घ्यायचा. असं पुष्कळांचं होतं. दोष काडीचा नसतो. आपण ती ब्रशसारखी चालवतो, तिथे बिघडतं.

काडी आडवी घासणं

ब्रशचे केस दांड्याला आडवे असतात, दातवणाचे तंतू मात्र काडीच्या टोकातून सरळ पुढे येतात. ब्रशच्या सवयीने काडी आडवी ओढली की तिचं कठीण टोक हिरडीवर रेटलं जातं. म्हणून काडी पेनासारखी हलकी धरा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे चालवा: वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. मी सुरुवातीची दोन वर्षं आडवीच घासत होतो. उजव्या हाताचा जोर डाव्या बाजूला जास्त पडतो. माझी डाव्या सुळ्यावरची हिरडी मागे सरकली आणि थंड पाणी लागलं की कळ यायला लागली. एकदा सरकलेली हिरडी आपोआप जागेवर येत नाही.

कुंचला होण्याआधीच घासायला घेणं

ताजी, सरळ, करंगळीएवढी जाड काडी घ्या. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही करंगळीच्या टोकाएवढी जाड आणि १२ अंगुळं लांब काडी सांगितली आहे, तीही हिरड्यांना इजा न करता वापरायची. ताप, खोकला, उलटी किंवा तोंड आलेलं असताना दातवण नको, असंही तिथे बजावलं आहे. टोकाची बोटाच्या पेराएवढी साल काढून ते दाढेखाली हळूहळू चावा. तंतू मऊ, मोकळे झाले की मगच दाताला लावा. तंतू तुटून दातांत अडकत असतील तर काडी वाळलेली आहे. रात्रभर पाण्यात भिजवा, तरीही जमलं नाही तर टाकून द्या. वापरलेलं टोक रोज कापा. ओली काडी बंद प्लॅस्टिकमध्ये ठेवली तर बुरशी येते.

मिस्वाक, म्हणजे पीलूची काडी, वापरतानाही हेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये तिच्या वापराला प्रोत्साहन दिलं होतं.

दिसेल त्या झाडाची काडी

कडुनिंब, बाभूळ, करंज ही ओळखीची झाडं पुरेत. कण्हेर विषारी आहे, तिच्याजवळही जाऊ नका. जुन्या ग्रंथांत दातवणासाठी रुईचं नाव येतं, पण तिचा चीक तोंड भाजतो, म्हणून मी ती टाळायलाच सांगेन. नुकतीच फवारणी झालेल्या बांधावरची काडीही नको.

फक्त काडीवर विसंबणं

दाढांच्या आतल्या बाजूला काडी नीट पोहोचत नाही आणि पेस्टमधून मिळतं तेवढं फ्लोराइडही देत नाही. सकाळी दातवण, रात्री मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, हा माझा क्रम आहे. हिरडीतून आठवडाभरानंतरही रक्त येत असेल तर दंतवैद्य गाठा. झाडाची जात बदलून बघत बसू नका.

राख, कोळसा, विटेची पूड

राखुंडीने दात चकचकीत दिसतात, कारण ती घासून पृष्ठभाग झिजवते. दाताचं वरचं कवच पुन्हा उगवत नाही. ते झिजलं की आतला पिवळसर थर दिसू लागतो, आणि माणूस आणखी जोराने घासतो. लिंबू-सोड्याचा प्रयोगही नको. लिंबाच्या आम्लाने कवच विरघळतं.

मशेरीला मंजन समजणं

ही चूक मला सर्वांत जास्त सलते. मशेरी म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू. भाजल्याने तो निरुपद्रवी होत नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, तरी घरी भाजलेली मशेरी आजही बायका दिवसातून तीन-चारदा लावतात, गरोदरपणातसुद्धा. 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' हे निकोटिनच्या सवयीचं लक्षण आहे. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच तपासून घ्या. मशेरी सोडायला मदत हवी असेल तर तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे: १८००-११-२३५६. आईला किंवा मावशीला नंबर नुसता देऊ नका. शेजारी बसून फोन लावून द्या.