लाकडी मजल्यावरचा कमोड हलणं आणि खाली गळणं: माझा अनुभव

जुन्या नाशकातलं आमचं वाड्याचं घर. वरच्या मजल्यावर सागाच्या तुळया, त्यावर फळ्या. कमोडवर बसलं की किंचित डुलायचा आणि फ्लश केल्यावर खालच्या खोलीत थेंब पडायचे. बुडाला दोनदा व्हाइट सिमेंट भरलं, एकदा सिलिकॉन. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंटला तडा जाणारच. तीन प्लंबर झाले, प्रत्येकाने आधीच्याला नावं ठेवली.

शेवटी जुना कमोड काढूनच टाकला. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद, टाकी रिकामी, भांडं उचललं. खालची फळी हाताने तुटली! फळ्यांचा कुजका भाग तुळईच्या मध्यापर्यंत कापला, म्हणजे नव्या तुकड्याला टेकू मिळतो. १८ मिमी मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) स्टीलच्या स्क्रूंनी बसवला, कडांसह वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले.

नवा एस-ट्रॅप कमोड (ज्याचं तोंड खाली जमिनीतल्या पाइपात जातं तो) घेण्याआधी भिंतीपासून त्या पाइपच्या मध्यापर्यंत मोजा, कमोडचं माप त्याच्याशी जुळायला हवं. आमचं ९ इंच भरलं.

आता मुख्य गोष्ट. कमोड आणि पाइपच्या जोडाला सिमेंट नाही, रबरी पॅन कनेक्टर, म्हणजे दोन्हींना जोडणारी लवचिक नळी. तो आधी कमोडच्या तोंडावर चढवला, रबराला साबणाचं पाणी लावून ११० मिमी पाइपात सरळ दाबला. मग कमोड लाकडाला धरणारे स्क्रू दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळले (एकदम आवळलं तर चिनी माती तडकते). दहा वेळा फ्लश केला, खाली कागद कोरडा. त्यानंतरच बुडाला सिलिकॉन, मागे दोन बोटं जागा सोडून. पुन्हा गळलंच तर तिथून दिसेल.