एनपीटीबाहेरच्या देशांवर ‘दबाव’ आला, अशी बातमी कशी वाचावी

मी बोईसरला राज्यशास्त्र शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं कुणीतरी तारापूरच्या अणुकेंद्रात कामाला असतं. अण्वस्त्रांची बातमी आली की प्रश्न ठरलेला: “मॅडम, आपण करार मोडला का?” करार म्हणजे एनपीटी, अण्वस्त्रांचा प्रसार रोखणारा आंतरराष्ट्रीय करार. प्रश्नाचं उत्तर मुलांना स्वतःच शोधता यावं, म्हणून मी त्यांना पुढच्या क्रमाने जायला लावते.

आधी बघा, तो देश करारात होता का. एनपीटी १९७० मध्ये लागू झाला. भारत, पाकिस्तान, इस्रायल आणि दक्षिण सुदान त्यात कधीच आले नाहीत. उत्तर कोरिया आला आणि २००३ मध्ये बाहेर पडल्याचं त्याने जाहीर केलं. जो आलाच नाही, त्याच्यावर या कराराच्या भंगाचा आरोप बसत नाही. बातमीत तसं लिहिलेलं दिसलं, तर तिथे पेन्सिलने खूण करा.

मग १ जानेवारी १९६७ ही तारीख. त्याआधी अणुस्फोट केलेल्या पाच देशांनाच करार अण्वस्त्रधारी मानतो. चीनने १९६४ मध्ये केला, आपण १९७४ मध्ये. १९९८ मध्ये भारताने पोखरणला आणि पाकिस्तानने चगाईला अणुचाचण्या केल्या; त्यानंतर, जून १९९८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ११७२ केला. भारत-पाकिस्तानने एनपीटीत यावं, असं त्यात आहे. या दोघांना अण्वस्त्रधारी दर्जा मिळणार नाही, हेही त्याच ठरावात आहे. ही दोन कलमं मी शेजारी-शेजारी ठेवून वाचून घेते. ‘नुसती सही करा’ म्हणजे असलेली अण्वस्त्रं टाकून द्या, हे तेव्हा मुलांच्या लक्षात येतं.

ठराव कुठलाही असो, तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली आहे का, ते तपासा. ११७२ नव्हता. उत्तर कोरियावरचा २००६ चा १७१८ होता, म्हणून त्यातले निर्बंध सगळ्या देशांवर बंधनकारक ठरले.

आता सर्वांत महत्त्वाचं: दबाव नेमका कशातून येतोय? भाषणांपेक्षा पुरवठ्याकडे बघा. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम द्यायचं अमेरिकेने १९६३ च्या करारात कबूल केलं होतं. १९७८ मध्ये तिथे नवा कायदा झाला: ज्या देशाचे सगळे अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन नाही. भारताने ते मानलं नाही. पुढे १९८२ मध्ये तोडगा निघाला आणि फ्रान्सने इंधन दिलं. कॅनडाने तर १९७४ नंतर सहकार्यच थांबवलं, कारण स्फोटाचं प्लुटोनियम त्याच्या मदतीने उभ्या राहिलेल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ‘सायरस’ अणुभट्टीतून आलं होतं. कॅनडाचा राग मला रास्त वाटतो, आणि वर्गात मी तसं सांगते.

बोलणारा देश कोण, हेही विचारा. एनपीटीच्या कलम ६ नुसार निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करणं हे त्या पाच अण्वस्त्रधारी देशांचंही कर्तव्य आहे. त्याचा उल्लेख बातमीत नसेल, तर बातमी अर्धीच आहे. अण्वस्त्रं कुणाकडेच नसावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हा प्रश्न मी सोडत नाही.

सरावासाठी अणुपुरवठादार गटाची, म्हणजे अणुइंधन आणि अणुतंत्रज्ञान पुरवणाऱ्या देशांच्या गटाची, बातमी घ्या. २००८ मध्ये या गटाने एनपीटीवर सही नसतानाही भारताला व्यापाराची सूट दिली. २०१६ मध्ये भारताने सदस्यत्वासाठी अर्ज केला, तेव्हा चीनने एनपीटीचाच मुद्दा पुढे केला. गटात निर्णय एकमताने होतात. वरचे प्रश्न एकेक करून या बातमीला लावून बघा.