'आय वॉज बॉर्न' बिनचूक कसं लिहायचं

'माझा जन्म १९९८चा आहे' यातला 'आहे' इंग्रजीत तसाच उतरतो आणि बायोडेटात 'आय अ‍ॅम बॉर्न इन १९९८' असं लिहिलं जातं. दुसरी चूक 'जन्मलो'वरून होते: 'आय बॉर्न इन सातारा'. मूळ इंग्रजी क्रियापद 'बेअर', म्हणजे जन्म देणं, आणि ते काम आईचं. बाळाच्या बाजूने सांगताना वाक्य कर्मणीच होतं, म्हणून 'बॉर्न'आधी 'बी'चं रूप हवंच. जन्म होऊन गेलेला, तेव्हा ते रूपही भूतकाळी: आय, ही, शी यांना 'वॉज', यू, वुई, दे यांना 'वेअर'. प्रश्नात हे रूप कर्त्याआधी येतं: 'व्हेन वेअर यू बॉर्न?' इथे 'डिड' लावू नका.

'इज बॉर्न' नेहमीच चूक नसतं. कायम घडणाऱ्या गोष्टीला ते चालतं: 'अ काफ इज बॉर्न आफ्टर अबाउट नाइन मन्थ्स.'

पुढची शब्दयोगी अव्ययं नीट बघा. गाव, महिना किंवा नुसतं साल असेल तर 'इन', पूर्ण तारीख असेल तर 'ऑन'. आधी ठिकाण, मग तारीख: 'सावित्रीबाई फुले वॉज बॉर्न इन नायगाव ऑन ३ जानेवारी १८३१.' आईवडिलांच्या नावाआधी 'टू' येतं, 'फ्रॉम' नाही. घराणं सांगायचं तर 'इन्टू': 'बॉर्न इन्टू अ फार्मिंग फॅमिली'.

सगळ्यात जास्त घोटाळा स्पेलिंगचा, कारण उच्चार एकच. जन्माच्या 'बॉर्न'मध्ये चारच अक्षरं: बी, ओ, आर, एन. शेवटी 'ई' आली की तो सोसणं, उचलणं, वाहून नेणं या अर्थाचा शब्द होतो. नेमणूकपत्रात 'प्रवासखर्च उमेदवार करेल' यासाठी 'ट्रॅव्हल एक्स्पेन्सेस शॅल बी बॉर्न बाय द कँडिडेट' लिहितात, तिथे 'ई' हवीच. नाहीतर खर्च उमेदवाराच्या पोटी जन्माला येतो! पाण्यातून पसरणाऱ्या रोगांच्या 'वॉटरबॉर्न'लाही 'ई'. जन्माच्याच अर्थाने 'शी हॅज बॉर्न थ्री चिल्ड्रन' असं कर्तरी वाक्य केलं, तर तिथेही 'ई' येते. फाइल पाठवण्याआधी हा शब्द शोधा. त्याच्यानंतर 'बाय' दिसलं, तर 'ई' आहे ना ते बघा.

'जन्मलो आणि वाढलो' एकाच गावात असेल, तर एका 'वॉज'वर दोन्ही भागतं: 'आय वॉज बॉर्न अँड ब्रॉट अप इन कोल्हापूर.' गावं वेगळी असतील तर 'बॉर्न इन कराड बट ब्रॉट अप इन पुणे'. 'ग्रो अप' मात्र कर्तरी: 'आय ग्रू अप इन पुणे', 'वॉज ग्रोन अप' लिहिलं तर 'मी तेव्हा प्रौढ होतो' असा अर्थ होतो. 'माय ब्रॉट अप' हे तर इंग्रजीच नाही, तिथे 'अपब्रिंगिंग' लिहा.