बेटा माशाची शेपटी झिजतेय? औषधाची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

कुणीतरी मोबाइल पुढे करतं. फोटोत टाकीत पाळलेला बेटा मासा असतो, शेपटीची कड कुरतडल्यासारखी, कधी काळपट पडलेली. प्रश्न ठरलेला: "कुठलं औषध टाकू?" मी विचारते, पाण्यात अमोनिया किती आहे? तपासलेला नसतो. टाकी किती लिटरची? माहीत नसतं. शेवटचं पाणी कधी बदललं? इथपर्यंत समोरच्याचा धीर सुटतो. त्याला औषधाचं नाव हवं असतं आणि मी पाण्यावरून हलत नाही.

हलत नाही, कारण परांचं दुखणं बहुतेक वेळा पाण्यातच सुरू होतं. फिन रॉट, म्हणजे पर सडण्याचा आजार, करणारे एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारखे जीवाणू चांगल्या टाकीतही असतात. मासा ठणठणीत असेल तर ते त्याचं काही बिघडवत नाहीत. पाणी नासलं, मासा गारठला किंवा सततच्या ताणाने खचला, की मग त्यांचं फावतं.

स्पंज नळाखाली धुणं

या चुकीबद्दल मी सगळ्यात जास्त बोलते, कारण ती मी स्वतः केली आणि भोगलं माझ्या माशाने.

माझा पहिला बेटा निळा हाफमून, म्हणजे अर्धचंद्रासारख्या पसरट शेपटीचा, होता. वीस लिटरच्या टाकीत आठ महिने मजेत राहिला. मग एकदा घरी पाहुणे यायचे होते म्हणून मी टाकी घासायला काढली. सगळं पाणी उपसलं, खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून नितळ पाणी येईपर्यंत पिळला. टाकी लख्ख दिसत होती. तिसऱ्या दिवशी माशाने पर अंगाशी मिटून घेतले. पाचव्या दिवशी शेपटीच्या कडेला काजळाची रेघ ओढल्यासारखी काळी किनार आली. मी घाबरून जीवाणूनाशक औषध आणलं आणि थेट टाकीत ओतलं. दुसऱ्या दिवशी पाणी दुधट झालं. तेव्हा कुठे पाणी तपासायचं टेस्ट किट हातात घेतलं. नळीतला रंग पिवळा राहायला हवा होता, तो हिरवा झाला. अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅम.

झालं होतं ते असं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. टाकीतले काही जीवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ थोडेसेही घातक; नायट्रेट मात्र मासा बऱ्यापैकी सोसतो. हे उपयोगी जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते स्पंजला आणि खडीला चिकटून वाढतात. मी क्लोरीनच्या पाण्याखाली तेच धुऊन टाकले होते, आणि जे उरले असतील त्यांच्यावर वरून औषध ओतलं होतं. पुढचे पाच आठवडे मी रोज निम्मं पाणी बदलत होते. मासा वाचला. शेपटी परत यायला जवळजवळ तीन महिने लागले आणि कडेला आलेल्या चुण्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत.

आता माझी सवय ठरलेली आहे. पाणी बदलताना टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घेते, त्यातच स्पंज दोन-तीनदा दाबते आणि तपकिरी असतानाच परत लावते. खडी आणि स्पंज एकाच दिवशी कधीच साफ करत नाही. आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलते, आणि नवीन पाण्यात क्लोरीन मारणारं द्रावण घातल्याशिवाय ते टाकीत जात नाही. "आमच्याकडे पाणी रात्रभर उघडं ठेवतो" असं सांगणारे भेटतात. क्लोरीन त्याने बराचसा उडून जातो, पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते एका रात्रीत जात नाही, आणि नळाला कुठलं आहे हे पाण्याकडे बघून कळत नाही.

आज टाकी, उद्या मासा

वर सांगितलेले उपयोगी जीवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हे ऐकलं की लोकांचा चेहरा उतरतो. मला ते कळतं, रिकामी टाकी बघत बसणं जड जातं. पण ज्यांना एवढी वाट बघवत नाही, तेच महिन्याभरात झिजलेल्या शेपटीचे फोटो घेऊन येतात. बाटलीतले तयार जीवाणू टाकून "टाकी तयार" म्हणणं मला पटत नाही. घाला हवे तर, काहींचा उपयोग होतोही, पण निकाल लेबलवर नाही, टेस्ट किटमध्ये बघा. मासा नसलेल्या टाकीत २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, तर टाकी तयार. अमोनिया न घालताच तपासलं आणि तिन्ही शून्य आले, तर अजून काहीच सुरू झालेलं नाही. त्याला "पाणी एकदम शुद्ध" समजू नका. वेळ वाचवायचाच असेल तर निरोगी, जुन्या टाकीतल्या स्पंजचा तुकडा मागून आणा. हा एवढा एकच शॉर्टकट मला मान्य आहे.

आणि वाडग्यात बेटा ठेवायचा नाही. थायलंडच्या भातखाचरांत तो उथळ पाण्यात राहतो हे खरं, पण ते पाणी दूरवर पसरलेलं असतं. डोक्यातल्या लॅबिरिंथ नावाच्या अवयवामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून कमी ऑक्सिजनमध्ये तगतो. अमोनियापासून मात्र तो अवयव त्याला वाचवत नाही. वीस लिटर पाणी ठेवा. दहाच्या खाली तर जाऊच नका.

फाटलेलं, चावलेलं आणि सडलेलं एकच समजणं

ही माझी दुसरी चीड. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि औषध तिन्हींना एकच ओतलं जातं.

फाटलेल्या परात सरळ चीर असते. काड्यांच्या मधला पातळ पडदा उभा चिरतो आणि कडेचा रंग मूळचाच राहतो. कारण टाकीतच सापडतं: प्लॅस्टिकचं झाड, दगडाची धार, फिल्टरचं तोंड. बायकांचा पातळ नायलॉनचा मोजा घ्या आणि प्रत्येक वस्तूवरून फिरवा. मोजा जिथे अडकेल तिथे परही अडकेल. ती वस्तू काढा, पाणी स्वच्छ ठेवा, चीर आपोआप भरते.

बेटा कधी स्वतःचीच शेपटी चावतो. चावलेल्या शेपटीचा रात्रीत घास गेलेला दिसतो, अर्धगोल, आणि तो शेपटीच्याच टोकाकडचा, कारण त्याचं तोंड तिथवरच पोचतं. हाफमूनमध्ये हे जास्त बघितलंय. रानातल्या बेटाचे पर आखूड असतात. ही पसरलेली जड शेपटी माणसाने निवडून निवडून वाढवलेली आहे आणि ती ओढत पोहणं त्याला कष्टाचं जातं. फिल्टरचा झोत जोरात असेल तर आणखीच. झोतापुढे स्पंज लावा, पृष्ठभागाजवळ टेकायला रुंद पान द्या, आरसा काढून घ्या. मिनिटभर आरसा दाखवला तर बिघडत नाही, पण काचेत दिवसभर स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल तर तो दिवसभर भांडणाच्या तयारीत राहतो. पहिल्यांदाच बेटा पाळणाऱ्याने आखूड पराचा प्लाकट घ्यावा असं मी नेहमी सांगते. फार कमी जण ऐकतात.

सडणं कडेकडून आत सरकतं. कड काळपट, लालसर किंवा पांढुरकी होते, धाग्यांसारखी लोंबते आणि रोज थोडी मागे जाते. रोज एकाच बाजूने, एकाच उजेडात फोटो काढा, म्हणजे खरंच सरकतंय की मनाचे खेळ आहेत ते कळतं. कापसासारखा पांढरा थर आला आणि तासातासाने पसरत असेल तर तो कॉलम्नॅरिस हा जीवाणूंचा आजार असू शकतो. मग थांबू नका आणि पाणी आणखी गरम करू नका, उष्णतेत तो जोर धरतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. हीटर नाही: पाणी २६-२७ अंशांवर स्थिर ठेवा आणि नवीन पाणीही तेवढंच कोमट करून घाला. जास्त खाणं: सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे पुरतात, उरलेला दाणा लगेच काढा. झाकण नाही: बेटा उडी मारतो. बदामाचं पान: घाला, मीही घालते, पण पाणी तपकिरी झालं म्हणून ते स्वच्छ होत नाही. बुडबुड्यांचं घरटं केलं म्हणजे मासा निरोगी, हाही गैरसमज. आजारी नरही घरटं करतात.

सडणाऱ्या परांवर घालतात त्या मिठाबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. मत्स्यालयाचं साधं मीठ लिटरला एक ग्रॅम, आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून, जास्तीत जास्त दहा दिवस. एप्सम सॉल्ट हे नाही, ते फिन रॉटवर चालत नाही. चूक होते ती पाणी बदलताना. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून दहा लिटरमधलं तीन लिटर पाणी काढलं तर तीनच ग्रॅम मीठ परत घालायचं. दर वेळी पूर्ण डोस घालणाऱ्यांच्या टाकीत असं दोनदा पाणी बदललं तरी मीठ दुपटीच्या वर जातं. गोगलगायी आणि नाजूक झाडं आधी बाहेर काढा.

औषध मी कधी देते? पाणी पाच-सहा दिवस व्यवस्थित असूनही सडणं आत सरकत असेल, अंगापर्यंत पोचलं असेल किंवा मासा खात नसेल तेव्हा. वेगळ्या छोट्या टाकीत, फिल्टरमधला कार्बन काढून, एकच औषध, सांगितलेले सगळे दिवस. तिसऱ्या दिवशी बरं दिसलं म्हणून बंद करायचं नाही आणि फरक दिसला नाही म्हणून दुसरं मिसळायचं नाही.

आणखी एक गोष्ट, जी बघून लोक हमखास घाबरतात. आठ-दहा दिवसांनी शेपटीच्या कडेला फिकट पट्टी दिसते, सड पसरली असं वाटतं आणि पुन्हा औषध पडतं. टाकीच्या मागून टॉर्च धरा. पट्टी काचेसारखी पारदर्शक असेल, तिच्यातून पलीकडचं दिसत असेल आणि कड सलग असेल, तर तो नवा पर आहे. सुरुवातीला जेमतेम मिलिमीटरभर असतो, रंग मागून भरतो. तो दिसला की मीठ पुन्हा घालू नका, नेहमीचं पाणी बदलत राहा आणि रोजचा फोटो काढत राहा.