पावसात फॉगलॅम्पचा फ्यूज उडायचा, तो असा थांबला

कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाटात पाऊस लागला की फ्यूज उडायचा, शिवाय ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट ओली. कोरड्या दिवसांत काहीच नाही. फ्यूज, स्विच, शेवटी लॅम्पही बदलले. खिसा रिकामा, दुखणं तसंच.

दोष इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात होता. फिटिंगवाल्यानं भोक पाडून जाड वायर नुसतीच ओवलेली. धारेवर घासून इन्सुलेशन कापलं होतं, तांबं उघडं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. भोकाच्या कडा घासून रंग लावला, रबरी बूच बसवलं. रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, इंजिनकडेच ठेवला: बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची पिन 30, आणि पिन 87 वरून लॅम्प. 55 वॅटचे दोन लॅम्प 12 व्होल्टला साधारण 9 अँपिअर खेचतात. एवढा करंट आत आणायचाच कशाला? पिन 85 अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. 86 ची बारीक वायर तेवढी केबिनमधल्या स्विचला.

ती गाडीच्या मूळ हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) ग्रोमेटमधून, म्हणजे पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्यातून नेली. हार्नेसपासून लांब, रबराच्या कडेला बारीक छिद्र. सायकलच्या स्पोकचं बोथट टोक आरपार घालून त्याला वायर टेपनं बांधली नि ओढली. इंजिनच्या बाजूला वायरला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथंच गळतं. मग सिलिकॉन. ते रात्रभर वाळू द्या, त्यानंतरच पाइपनं पाणी मारून बघा.